पाठीवरचे सात बंद

फार फार वर्षांपूर्वीची, आणि इथून फार फार लांबची ही गोष्ट आहे. आकाशात एक लहानसा गोल होता. तो आपलं एकच तोंड कायम सूर्याकडे ठेवून फिरायचा. त्यामुळे त्याच्या एका बाजूला सदा ऊन आणि दुसऱ्या बाजूला सदा अंधार. तिथे सकाळ होत नसे आणि संध्याकाळही होत नसे. वेळ कळावी म्हणून नगारा वाजे. पहिल्या नगाऱ्याला उठायचं, चौथ्याला जेवायचं, सातव्याला निजायचं.

उजेडाकडचे लोक धान्य पिकवत. सावलीकडचे लोक बर्फ फोडून पाणी पाठवत. म्हणजे यांचं पाणी आल्याशिवाय त्यांचं धान्य शिजत नसे, आणि त्यांचं धान्य आल्याशिवाय यांच्या पाण्याचं आधण ठेवण्यात अर्थ नसे. तरीही दोघं एकमेकांना नावं ठेवत. "सावलीतली माणसं बोलतात कमी आणि मनात ठेवतात फार," असं उजेडाकडचे म्हणत. "उजेडातल्या माणसांच्या पोटात काही राहतच नाही," असं सावलीकडचे म्हणत. पण हे सगळं एकाच पंगतीत बसून, हसत हसत चाले.

दोन्ही बाजू जिथे मिळत, तिथे राजधानी होती. तिच्या तटाबाहेरच्या मैदानावर हवा इतकी विरळ, की चिलखत घातल्याशिवाय श्वास पुरत नसे. चिलखत म्हणजे अंगभर घट्ट बसणारा, आत हवा भरलेला चामड्याचा पोशाख. त्याला पाठीवर सात बंद असत. ते पक्के बांधले तरच हवा आत राही. आता स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात कसा पोचणार? म्हणून सैन्यात प्रत्येकाला एक जोडीदार असे. आणि जुना दंडक असा होता, की उजेडाकडच्या शिपायाचा जोडीदार सावलीकडचाच हवा.

बंद बांधून घेताना शिपाई म्हणायचा, "माझा श्वास तुझ्याकडे." बांधणारा म्हणायचा, "सांभाळला." एवढं बोलल्याशिवाय कुणी तटाबाहेर पाऊल टाकत नसे.

या सैन्याचा सेनापती होता हैबतराव. नाव एवढं दणदणीत, पण माणूस इतक्या हळू आवाजात बोलायचा की मागच्या रांगेतले शिपाई पुढच्यांना विचारत, "काय म्हणाले?" हैबतराव उजेडाकडचा. त्याचा जोडीदार यमाजी सावलीकडचा. चाळीस वर्षं हा त्याचे बंद बांधत होता आणि तो याचे. दोघांत भांडणं पुष्कळ झाली, पण बंद कधी सैल राहिला नाही.

मग म्हातारी राणी वारली. गादीवर कोण बसेल हे तिने सांगून ठेवलं नव्हतं. शहाणी माणसंसुद्धा असा वेंधळेपणा करतात. तिला एक नातू होता, तो उजेडात वाढलेला. एक नात होती, ती सावलीत वाढलेली. दोघांचाही हक्क सारखाच होता आणि दोघांनाही तो आपलाच मोठा वाटत होता.

उजेडाकडच्यांनी धान्य अडवलं. सावलीकडच्यांनी पाणी अडवलं. पंगतीत हसत म्हटलेली वाक्यं आता दात खाऊन म्हटली जाऊ लागली. सैन्यातल्या जोड्या फुटल्या. उजेडाकडचे शिपाई नातवाच्या छावणीत गेले, सावलीकडचे नातीच्या. यमाजीही गेला. जाताना तो हैबतरावाला म्हणाला, "माझी नातवंडं तिथं तहानलेली नाहीत, भुकेली आहेत. तुझ्या लोकांनी धान्य अडवलंय, हैबती."

राजधानीच्या रखवालीला उरला हैबतराव, म्हातारा किल्लेदार आणि बुरुजावरची किरणतोफ. त्या तोफेला हत्तीएवढं भिंग होतं. सूर्याचा उजेड त्यात गोळा करून सोडला की एक छावणी चुटकीसरशी राख व्हायची. तोफ ज्याची, राज्य त्याचं. म्हणून दोन्हीकडून हैबतरावाला निरोप आले: आमच्याकडे या.

किल्लेदार म्हणाला, "सेनापती, यांच्याकडे जाऊ नका आणि त्यांच्याकडेही जाऊ नका. तोफ तुमच्या हातात आहे. दोघांना धाक दाखवा आणि तुम्हीच गादीवर बसा. भांडण मिटलं."

"मिटलं नाही," हैबतराव म्हणाला. "दबलं. मी म्हातारा आहे, किल्लेदार. मी मेलो की ते दुप्पट जोराने वर येईल, आणि तेव्हा तोफेसाठी तिसराही कुणी भांडत असेल."

त्याने नगरातल्या लोकांकडून तोफेचं भिंग काढवलं आणि ते दोरखंडांनी बुरुजावरून खाली उतरवलं. दोन्ही छावण्यांना ते स्पष्ट दिसलं. उजेडाकडचे म्हणाले, "हा त्यांना मिळाला." सावलीकडचे म्हणाले, "हा त्यांना मिळाला." या एका बाबतीत मात्र दोघांचं अगदी एकमत होतं!

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे हसण्यासारखी नाही. सैन्यातला प्रत्येकजण आयुष्यभर दुसऱ्या बाजूच्या माणसाचे बंद बांधत आला होता. उजेडाकडची चिलखतं वेगळी, सावलीकडची वेगळी. बंदांची जागा वेगळी, पीळ वेगळा, ओढ वेगळी. उजेडाकडच्यांना सावलीची चिलखतं बांधता येत. सावलीकडच्यांना उजेडाची. आपल्याच बाजूचं चिलखत बांधायला कुणीच कधी शिकलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

दोन्ही छावण्यांत शिपाई एकमेकांच्या पाठीशी झटापट करत होते. कवायतीला हजार पावलं चालले की धापा टाकत खाली बसत होते. आणि ही गोष्ट दोन्ही छावण्या एकमेकांपासून लपवत होत्या. प्रत्येकाला वाटे, ही फजिती फक्त आपलीच आहे.

हैबतरावाला ती कळली, कारण त्याच्या नजरेतून चिलखत सुटत नसे. तटावरून त्याने दोन्हीकडची कवायत पाहिली. त्याने दोन्हीकडे निरोप धाडला, "लढू नका. तलवार लागायच्या आधीच ही पोरं गुदमरून मरतील. तुमचीही आणि त्यांचीही."

नातवाने निरोप वाचला आणि तो आनंदाने ओरडला, "त्यांचीही? मग उद्याच चाल करा! ते शिकायच्या आत!" नातीने निरोप वाचला आणि तीही हेच म्हणाली. एकाच आजीची नातवंडं ती.

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या नगाऱ्याला, दोन्ही सैन्यं मैदानाच्या दोन टोकांना उभी राहिली. तेव्हा तटाचा दरवाजा उघडला आणि हैबतराव एकटाच बाहेर आला. त्याच्या कमरेला तलवार नव्हती. त्याच्या पाठीवरचे सातही बंद सुटे होते आणि चालताना लोंबत होते.

किल्लेदाराने त्याला परोपरीने विनवलं होतं, "मी बांधतो, जमेल तसे बांधतो." हैबतराव म्हणाला होता, "माझा जोडीदार आहे. तो बांधेल."

सुट्या बंदांनिशी धडधाकट माणूस पाचशे पावलं चालतो, त्याहून जास्त नाही. दरवाजापासून सावलीच्या सैन्यापर्यंत बरोबर पाचशे पावलं होती. म्हणजे श्वास जायला पुरत होता, परत यायला नाही. हे मैदानावरच्या प्रत्येक शिपायाला ठाऊक होतं. म्हणून सगळे पावलं मोजत राहिले.

तीनशे पावलांवर हैबतराव अडखळला. चारशेवर त्याचे ओठ निळे पडले. शेवटची काही पावलं तर त्याने नुसती ओढत टाकली. तो यमाजीच्या समोर आला, त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "बांध."

यमाजी हलला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "सोडा त्याला तसाच, यमाजीबाबा! आत्ताच्या आत्ता निकाल लागतोय!"

यमाजीने पहिला बंद ओढला. त्याचा त्यालाच पत्ता नसावा, इतकी ती बोटं सवयीची होती. दुसरा ओढला. तिसराही ओढला. आणि मग त्याला आपली उपाशी नातवंडं आठवली आणि त्याचा हात थांबला.

तीन बंदांवर माणूस जगत नाही. हैबतरावाला मागे वळून बघता आलं असतं. त्याला ओरडता आलं असतं, हात जोडता आले असते. तो वळला नाही. छातीत उरलेल्या थोड्याशा हवेत त्याने फक्त ते जुनं वाक्य म्हटलं.

"माझा श्वास तुझ्याकडे."

यमाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "एवढी चाळीस वर्षं काय तुला मारण्यासाठी बांधत होतो का रे, गाढवा?" तो म्हणाला आणि त्याने उरलेले चारही बंद एका दमात आवळले. "सांभाळला!"

हैबतरावाने खोल श्वास घेतला. मग तो यमाजीच्या मागे गेला. यमाजीचे बंद कुणीतरी कसेबसे बांधले होते, सगळे तिरके. त्याने ते सोडवले आणि नीट बांधून दिले. "धान्य मी आणवतो," तो हळूच म्हणाला. "मला शब्द द्यायला उशीर झाला, तेवढा माफ कर."

उजेडाच्या बाजूने एक जाडजूड शिपाई रांगेतून बाहेर पडला. त्याला धाप लागली होती. मैदानाच्या मध्यावर येऊन तो ओरडला, "माझी जोडीदारीण कुठाय? ओ सगुणाताई! बांधा की हो, जीव चाललाय!" सावलीच्या रांगेतून एक बाई कपाळाला हात लावत पुढे आली. "आणि माझे कोण बांधणार? या इकडं." मग दहा आले. मग शंभर. मग रांगा उरल्याच नाहीत.

नातू तंबूतून बाहेर आला आणि त्याने विचारलं, "माझं सैन्य कुठे आहे?"

"मैदानाच्या मध्ये आहे, सरकार."

"आणि तिचं?"

"तेही मध्येच आहे, सरकार."

ज्यांनी नुकतंच 'सांभाळला' म्हटलं होतं, त्यांना त्याच पाठीवर वार करायला कोण सांगणार आणि कोण ऐकणार? नातू आणि नात दोघंही एकटीच मैदानाच्या काठावर आली. शिपायांनी हैबतरावाला खांद्यावर घेतलं आणि ते ओरडू लागले, "हैबतराव राजा! हैबतराव राजा!"

"खाली ठेवा मला," हैबतराव म्हणाला. या वेळी मात्र त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी भांडण थांबवायला आलो होतो. राज्य मागायला नाही. ज्यांना राज्य करायचंय त्यांनी समोरासमोर बसावं. तोवर हे सैन्य दोघांपैकी कुणाचं नाही आणि माझंही नाही. आणि बसायच्या आधी धान्य सोडा, पाणी सोडा. उपाशी आणि तहानलेल्या माणसांनी केलेला न्याय टिकत नाही."

धान्य सुटलं. पाणी सुटलं. दोन्हीकडची पाच-पाच जाणती माणसं बसली आणि नऊ दिवस बोलत राहिली. त्यातले चार दिवस नुसते ओरडण्यात गेले, हे खरं. शेवटी नात गादीवर बसली आणि धान्य-पाण्याचा सगळा कारभार नातवाकडे आला. आणि असं ठरलं, की दोघांनी मिळून हुकूम दिल्याखेरीज सैन्याने तटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. तोफेचं भिंग सावलीकडे तोंड करून तटावर बसवलं. त्यातून पाठवलेल्या उन्हावर पहिल्यांदाच तिथे हिरवी भाजी उगवली. ती चवीला जरा कडू होती, पण लोकांनी कौतुकाने खाल्ली.

पहिली मोठी पंगत बसली, तेव्हा यमाजी आणि हैबतराव शेजारी होते. यमाजीची नातवंडं तिसऱ्यांदा भात मागून घेत होती. त्यांच्याकडे बघत यमाजी म्हणाला, "खरं सांग, मी हात थांबवला तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," हैबतराव म्हणाला. "पण मला असं वाटलं, आपण दोघंही घाबरलेलो आहोत, आणि दोघांपैकी एकाला तरी आधी पाठ द्यावी लागणार. सेनापती मी होतो. मग ते कामही माझंच."

यमाजीने आपल्या पानातला भात हैबतरावाच्या पानात वाढला.

तात्पर्य: तुटलेला विश्वास जोडायला कुणालातरी आधी विश्वास टाकावा लागतो, आणि ज्याच्या हाती जास्त बळ आहे त्यानेच तो आधी टाकावा.