तांबट आळीने फिरवलेली पाठ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यानं काही बिघडत नाही म्हणा, कारण या गोष्टीत राजाला काहीच काम नाही.

त्या राजाच्या नगरात एक तांबट आळी होती. हंडे, घागरी, घंगाळं, पराती, सगळ्या नगराची तांब्याची भांडी तिथे घडत. उजाडलं की घरोघरी हातोड्या सुरू होत आणि दिवेलागणीला थांबत. नव्या माणसाचं त्या आवाजानं डोकं उठे. आळीतल्या माणसांना मात्र अशी सवय झाली होती, की शेजारी कुणी बोंब मारली तरी ऐकू येत नसे, पण शेजारची हातोडी थांबली की लगेच कळे.

कळे, पण कुणी विचारत नसे. थांबलेल्या हातोडीची चौकशी करायची नाही, ही त्या आळीची रीत होती.

रीत वाईट हेतूनं पडली नव्हती. पूर्वी एकदा मोठा दुष्काळ पडला होता. रांधायलाच काही नाही, तर भांडी कोण घेणार? एकेका घरची हातोडी बंद पडू लागली. येताजाता शेजारी विचारीत, "काय हो, आज काम नाही वाटतं?" विचारणारा सहज विचारी, पण ऐकणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. काहींना तर घरातली भांडी मोडीत विकावी लागली, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तेव्हा आळीनं ठरवलं, की हातोडी थांबली तर विचारायचं नाही, आणि कुणाच्या दारातून भांडं बाहेर जाताना दिसलं तर पाठ फिरवायची. दुष्काळ सरला, घरं पुन्हा भरली, रीत मात्र राहिली. नव्या सुनेला सासू चुलीच्या आधी हीच शिकवी. आळीला या रीतीचा अभिमान होता, आणि मला विचाराल तर तो काही खोटा नव्हता.

मग आळीत चोऱ्या होऊ लागल्या.

पहिलं घर फुटलं ते बारशाला परगावी गेलेल्या कुटुंबाचं. परत येऊन पाहतात तो कडी उचकटलेली, दागिन्यांचा डबा नाहीसा, आणि फडताळावरची भांडी साफ. मग दुसरं घर फुटलं, मग तिसरं. नवल म्हणजे सगळ्या चोऱ्या भरदिवसा झाल्या होत्या.

आळीनं मोठमोठी कुलुपं आणली. कोतवालाकडे जाऊन वेशीवर दोन शिपाई मागून घेतले. मग संशय सुरू झाला. आळीत बाहेरून येणारा एक कल्हईवाला होता. बाहेरचा म्हणजे चोर, असा सरळ हिशोब मांडून त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. तो बिचारा भाता खांद्यावर टाकून दुसऱ्या आळीत गेला. इकडे घरोघरी कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक कळकू लागलं, आणि चोऱ्या होत त्या होतच राहिल्या.

शेवटी एका संध्याकाळी सगळी आळी कालिकेच्या देवळात जमली. पंचांमध्ये सगळ्यात वडील विसोबा. दुष्काळात त्यांच्या वडिलांची हातोडी बंद पडली होती, तेव्हा विसोबा लहान होते. लोकांच्या प्रश्नांना कंटाळून वडील मागच्या दारानं येऊ-जाऊ लागले, ते विसोबा कधी विसरले नाहीत. आळीच्या रीतीला त्यांच्याइतकं जपणारं दुसरं कुणी नव्हतं.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर विसोबांची शेजारीण राहीबाई उठली.

"मी चोर पाहिलेत," ती म्हणाली. "पहिली चोरी झाली त्या दिवशी दोन माणसं त्या घराच्या दारातून हंडा घेऊन निघाली होती. मला वाटलं, घरात अडचण असेल, विकायला काढला असेल. मी आपली पाठ फिरवली."

आणखी कितीतरी जणांनी असंच काहीबाही पाहिलं होतं. ते सगळे खाली मान घालून बसले.

"माझं म्हणणं एवढंच," राहीबाई पुढे म्हणाली, "की आता आपण विचारत जाऊ. हातोडी थांबली तर विचारू, भांडं निघालं तर विचारू."

"आणि ज्याला खरंच विकावं लागतंय, त्यानं तोंड कुठं लपवायचं?" विसोबा कडाडले. "चोर काय, आज आहेत नि उद्या नाहीत. माणसाची अब्रू गेली की परत येते का, राही? चौकशा करायच्या असतील तर आमच्या मागे करा. मी जिवंत आहे तोवर माझ्या दारात कुणी विचारायला यायचं नाही."

एवढ्या वडील माणसापुढे कोण बोलणार? सभा उठली. दुसऱ्या दिवशी आणखी मोठी कुलुपं आली.

पुढे काही दिवसांनी विसोबांचा मुलगा आणि सून जत्रेला गेले. घरी विसोबा एकटेच एक घंगाळ हातोडीनं ठोकून मठारत बसले होते. दुपारची वेळ. राहीबाई आपल्या घरात धान्य निवडत होती, नवरा परातीला काठ काढत होता. एवढ्यात विसोबांची हातोडी थांबली.

राहीबाईचा हात सुपातच राहिला. "काकांचं काम थांबलं," ती म्हणाली.

"दमले असतील. वय झालं," नवरा मान वर न करता म्हणाला.

"बघून येऊ का?"

"अगं, सगळ्या सभेत काय म्हणाले ते ऐकलंस ना? आणि आज हात चालेनासा झाला असेल तर तू जाऊन उभी राहिलेली त्यांना चालेल का? बस गप."

ती बसली. पण निवडलेल्या दाण्यांत पुन्हा खडे टाकत होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळानं तिनं दाराबाहेर पाहिलं. विसोबांच्या दारातून एक माणूस डोक्यावर घंगाळ घेऊन निघाला होता. मागे दुसरा, पाठीवर गाठोडं. राहीबाईनं जन्माच्या सवयीनं पाठ फिरवली.

आणि मग तिला स्वतःचीच चीड आली. ती गर्रकन वळली आणि रस्त्यात जाऊन उभी राहिली.

"कोणाचं घंगाळ ते?"

माणूस हसला. "म्हाताऱ्यानं विकलंय, बाई. तुमच्यात विचारत नाहीत ना?"

"नाही विचारत," राहीबाई म्हणाली. "पण मी विचारणार. चला माझ्याबरोबर आत, त्यांच्या तोंडून ऐकू दे."

घंगाळ धाडकन रस्त्यावर आदळलं आणि दोघे पळत सुटले. राहीबाईनं ओरडून पाहिलं, पण तिचा आवाज त्या ठोकाठोकीत विरून गेला. तेव्हा तिनं धावत येऊन नवऱ्याच्या हातातली हातोडीच धरली. ती थांबली, तशी शेजारच्यानं मान वर केली, मग पलीकडच्यानं. राहीबाईचा चेहरा पाहून त्यांनीही हातोड्या खाली ठेवल्या. बघता बघता सगळी आळी शांत झाली, आणि त्या शांततेत तिचं "चोर! चोर!" वेशीपर्यंत पोचलं. शिपायांनी दोघांना तिथंच धरलं.

आत विसोबा खांबाला करकचून बांधलेले सापडले. तोंडात बोळा होता, चेहरा काळानिळा पडला होता. बोळा काढला तेव्हा त्यांना धड श्वास घेता येईना. जरा उशीर झाला असता तर म्हातारा हाती लागला नसता. पाणी पाजल्यावर ते कसेबसे म्हणाले, "हातोडी थांबल्याचं सगळ्यांना कळलं असेल, हे मला ठाऊक होतं. आणि कुणी येणार नाही, हेही ठाऊक होतं."

कोतवालानं चोरांना दरडावून विचारलं, "भरदिवसा, एवढ्या माणसांतून चोरी कशी केलीत रे?"

"चोरून असं काही नेलंच नाही, सरकार," त्यातला एक म्हणाला. "पूर्वी आम्ही जुन्या भांड्यांची मोड विकत घ्यायला त्या आळीत जायचो, तेव्हा रीत कळली. जे नेलं ते सगळ्यांच्या देखत नेलं."

हे उत्तर आळीला कुठल्याही शिक्षेपेक्षा जास्त लागलं.

तेव्हापासून तांबट आळीत विचारायला सुरुवात झाली. सुरुवातीला जरा अतीच झालं. कुणी पाणी प्यायला थांबला तरी चार डोकी दारात हजर. पण त्यानंतर आळीत जे जे चोर शिरले, त्यांना कुणी ना कुणी दारातच "काय हवं?" असं विचारलं, आणि ते आल्या पावली परत गेले.

विसोबा बरे झाले आणि पुन्हा कामाला बसले. एके दिवशी ऐन सकाळी त्यांची हातोडी थांबली. राहीबाई दारात आली.

"काका, का थांबलात?"

म्हाताऱ्याच्या कपाळावर आठी पडली. तोंड फिरवून 'काही नाही' म्हणावं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला.

"उचलत नाही गं. त्या दोरीनं मनगटच गेलं. घागर सांगून ठेवलीय एकानं, ती अर्ध्यावर पडलीय."

उभ्या आयुष्यात त्यांनी असं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून बसले. राहीबाईनं मागे वळून हाक मारली, "अहो, तुमची हातोडी घेऊन या." नवरा आला आणि विसोबांसमोर मांडी घालून बसला. विसोबांनी डाव्या हातानं घागर धरली, आणि तो ठोके घालू लागला.

बोध एवढाच: शेजाऱ्याची लाज राखण्यासाठी आपण फिरवलेली पाठ चोराला वाट देते, म्हणून शेजाऱ्याला वाईट वाटलं तरी चालेल, पण विचारावं.