चुकलेल्या भेरीला अभय

पूर्वी वेत्रा नदीच्या काठी कुंभवती नगरात सुसीम नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्मले होते. श्रुतसेन हे त्या अमात्याचे नाव.

त्या काळी कुंभवतीत एक नवी गोष्ट घडली आणि सगळे नगर हरखून गेले. राजाच्या शिल्पकारांनी नदीच्या उगमापासून नगरापर्यंत टेकड्याटेकड्यांवर उंच माळे बांधले आणि प्रत्येक माळ्यावर रेड्याच्या कातड्याने मढवलेली एक प्रचंड भेरी बसवली. एक भेरी वाजली की पुढच्या टेकडीवरचा माणूस आपली भेरी वाजवी, आणि तो आवाज दऱ्या ओलांडत नगरात येई. शत्रू आला तर एक ठेका, पूर आला तर दुसरा. जी बातमी घेऊन घोडेस्वार धापा टाकीत दुसऱ्या दिवशी पोहोचत, ती आता चुलीवरचे दूध उतू जायच्या आत येऊ लागली. पहिल्यांदा भेरी वाजवून पाहिल्या तेव्हा लोक घरांच्या छपरांवर चढले होते. दूर कुठेतरी हलकेच धम् झाले, मग जवळ, मग थेट वेशीवर, आणि हजारो गळ्यांतून आरोळी उठली. राजा तर लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता.

मग प्रश्न आला, धोका दिसताच पहिली भेरी वाजवायची कोणी?

सेनापती उग्रजित म्हणाला, "महाराज, भेरी सैन्याची आहे. दुसऱ्या कोणी तिला हात लावला तर तो हात तोडावा."

श्रुतसेन म्हणाला, "शत्रू सैनिकाला आधी दिसेल हे खरे. पण पाणी आधी कोणाला दिसेल? गुराख्याला, कोळ्याला, लाकडे तोडणाऱ्याला. पुराची भेरी ज्याला धोका दिसेल त्याने वाजवावी."

आनंदाच्या त्या भरात राजाने अमात्याचे म्हणणे उचलून धरले आणि तशी दवंडी पिटवली.

पुढे पावसाळ्यात उगमाजवळच्या खिंडीत डोंगराचा कडा कोसळला आणि नदी अडली. तिथे मेंढ्या चारणाऱ्या रेवा नावाच्या धनगरणीने पाहिले, दगडांमागे पाणी भराभर चढत होते. ती धावत माळ्यावर गेली आणि तिने पुराची भेरी वाजवली.

कुंभवतीत तेव्हा बाजाराचा दिवस होता. लोकांनी हातातले टाकून टेकडीकडे धाव घेतली. तेलाचे रांजण फुटले, एका मांडवातली पंगत अर्ध्यावर उठली, मोकाट गुरांनी धान्याचे ढीग तुडवले. सगळे टेकडीवर श्वास रोखून उभे राहिले. पाणी आलेच नाही. दगडांच्या फटीतून नदी हळूहळू वाट काढून गेली होती.

लोक घरी परतले ते दात-ओठ खात. राजालाही लाज वाटली, कारण शेजारच्या राज्याचे दूत त्या दिवशी नगरात होते आणि त्यांनी त्याला अनवाणी पळताना पाहिले होते.

रेवाला दरबारात उभे केले.

"पाणी आले नाही, मग भेरी का वाजवलीस?" राजाने विचारले.

"महाराज, पाणी चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. खात्री करीत बसले असते आणि ते फुटलं असतं, तर मग वाजवून काय उपयोग होता?"

"आज हिला सोडले तर उद्या ज्याला करमत नाही तो भेरी बडवील!" उग्रजित गरजला. "हिचे हात तोडा. सगळ्यांना जरब बसेल."

दरबारात अनेकांनी माना डोलावल्या. तेव्हा श्रुतसेन उठला.

"महाराज, जरब बसेल हे सेनापती खरेच बोलतात. ती इतकी बसेल की पाणी गळ्यापर्यंत आले तरी कोणी भेरीजवळ जाणार नाही. प्रत्येक जण मनात म्हणेल, माझी चूक झाली तर? मग डोंगराडोंगरावर नुसती कातडी वाळत पडतील. हिने खोडी काढलेली नाही. हिने आपल्यासाठी धाव घेतली."

राजा चिडून म्हणाला, "नगराचे नुकसान झाले, माझे हसे झाले. कोणाला तरी शिक्षा झालीच पाहिजे. हिला नाही, तर हा नियम ज्याने करायला लावला त्याला. बोल, हिचे हात की तुझे पद?"

श्रुतसेनाने बोटातली अमात्यपदाची मुद्रा काढून राजापुढे ठेवली.

"पद घ्यावे, महाराज. फक्त एवढे जाहीर करावे, की भल्या मनाने वाजवलेली भेरी चुकली तरी वाजवणाऱ्याला अभय आहे."

राजा आपल्या शब्दात अडकला होता. त्याने तशी दवंडी पिटवली.

रेवा बाहेर येऊन रडू लागली. "दादा, माझ्यापायी तुमचं सगळं गेलं."

"तसे नाही, बाई," श्रुतसेन म्हणाला. "तू परत जा. आणि पुन्हा काही दिसले तर थांबू नकोस."

त्यानंतर श्रुतसेन नगराच्या खालच्या आळीत एका खोपटात राहू लागला. गल्लीगल्लीत जाऊन तो लोकांना टेकडीवर जाण्याच्या जवळच्या वाटा दाखवी, म्हाताऱ्यांना कोणी उचलायचे ते ठरवून देई. काही जण हसत. तोही त्यांच्याबरोबर हसे आणि पुन्हा वाट दाखवी.

पावसाळा सरत आला असताना वरच्या खोऱ्यात अचानक आभाळ फाटले. दरीतून मातकट पाण्याची भिंत येताना एका परदेशी कासाराने पाहिली. तो त्या राज्यातला नव्हता. पण वाटेतल्या गावात त्याने अभयाची दवंडी ऐकली होती. त्याने बांगड्यांचे ओझे फेकले आणि भेरीवर दोन्ही हातांनी घाव घातले.

धम्, धम्, धम्! टेकडीमागून टेकडी गाजू लागली. नगरात कोणी कुरकुरले, "पुन्हा तेच!" पण श्रुतसेन रस्त्यात आला होता. एका पांगळ्या विणकराला पाठीवर घेऊन तो ओरडत होता, "चला, चला! पाणी नाही आले तर संध्याकाळी सगळे मिळून मला शिव्या द्या!" लोक हसले आणि हसत-हसतच धावू लागले. मुले, शेळ्या, पाळणे, सगळे ओळखीच्या वाटांनी वर चढले. शेवटची माणसे टेकडीवर पोहोचली न पोहोचली तोच वेत्रा गर्जत नगरात शिरली. खालची आळी दिसेनाशी झाली. मात्र एकही माणूस बुडाला नाही. बायका एकमेकींना मिठ्या मारून ओरडत होत्या, अनोळखी माणसे गळ्यात पडत होती.

त्या कल्लोळात उग्रजित आपल्या दोन्ही मुलींना पोटाशी धरून उभा होता. तो राजाजवळ आला आणि म्हणाला, "महाराज, मी त्या बाईचे हात तोडा म्हणालो होतो."

राजाने तिथेच, चिखलात उभ्याउभ्या, मुद्रा श्रुतसेनाच्या बोटात घातली. "आणखी काय हवे ते माग."

"ते अभय वेशीवरच्या दगडात कोरावे," श्रुतसेन म्हणाला. "आपण आज आहोत, उद्या नसू. भेरी राहतील."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, तेव्हा समोर एक तरुण भिक्षुणी मान खाली घालून बसली होती. पहाटेचे धुके धूर समजून तिने "आग, आग" म्हणून सर्वांना जागे केले होते आणि त्यावरून तिची थट्टा चालली होती. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची रेवा म्हणजे ही भिक्षुणी. उग्रजित म्हणजे तुमच्यात सर्वांत मोठ्याने हसलेला तो ज्येष्ठ भिक्षू, तो स्थविर. राजा सुसीम म्हणजे या विहाराला जागा देणारा श्रेष्ठी, आणि अमात्य श्रुतसेन मीच होतो. सर्व दानांत अभयदान मोठे आहे. ते आज हिला द्या."

सर्वांत आधी उठला तो स्थविर. त्याने तिच्यापुढे हात जोडले.