परत जा म्हणणारं घर

"मला कोणी परत जा म्हणतच नाही, बाबा. मी करू तरी काय?"

इसाकबाबा पिंजारी अंगणात कापूस पिंजत होते. धनुकलीचा आवाज काही थांबला नाही.

"काय म्हनत न्हाई?"

"परत जा!" जैनुद्दीन तांबोळी ओरडला.

"जातो की," बाबा म्हणाले. "पन घर माझंच हाय."

जैनूनं कपाळाला हात लावला.

हा जैनू शहरातल्या मदरशात सात वर्षं शिकून आलेला. गावच्या मशिदीत शुक्रवारच्या नमाजीनंतर कुराणातल्या आयतींचा अर्थ तोच सांगायचा, आणि सांगायचा झकास. एकदा बोलण्याच्या भरात त्यानं सगळ्या जमातीसमोर शब्द देऊन टाकला होता : जी आयत मी स्वतः पाळली नाही, ती मी कोणाला शिकवणार नाही! लोकांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या माना जैनूला फार आवडल्या. तेव्हापासून तो एक वही बाळगी आणि पाळून झालेल्या आयतीपुढे पेन्सिलीनं खूण करी.

अडलं की मात्र तो पिंजाऱ्याच्या अंगणात येई. लहानपणी अलिफ-बे त्यानं इथेच गिरवलं होतं. तेव्हाही बाबांच्या दाढीत कापूस असायचा.

आता तो अडला होता सूरा नूरमध्ये. दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नका, अशी तिथे आयत आहे. ती पाळून झाली, खूण झाली. तिच्या पुढची आयत म्हणते, तुम्हाला 'परत जा' असं सांगितलं, तर परत जा. तेच तुमच्यासाठी अधिक पवित्र आहे.

आणि इथेच घोडं अडलं.

"आठ दिवस दारोदार फिरतोय, बाबा. भर दुपारी बागवानाचं दार वाजवलं. माणूस झोपेतून उठून आला, एक डोळा मिटलेलाच. मला म्हणतो, या, पडा जरा."

"मग?"

"पडलो."

धनुकली चालूच.

"मुलाण्याकडे नवराबायकोचं कडाक्याचं भांडण लागलं होतं. म्हटलं, इथे काम होणार. तर दोघांनी मला मध्ये बसवलं आणि विचारलं, चूक कोणाची ते तुम्हीच सांगा."

"कुनाची हुती?"

"बाबा!"

"बरं, ऱ्हायलं."

"पाटीलकाकू मिरच्या कांडत होत्या. दारात उभा राहिलो आणि खोकून खोकून जीव जायची वेळ आली. म्हटलं, आता तरी म्हणतील. तर म्हणाल्या, बरा आलास, आणि मुसळ माझ्या हातात दिलं. शिंपी न्हाणीत होता. आतून ओरडला, बसा, हा आलोच! आणि खरंच आला. अंगाला साबण तसाच." जैनूनं पोटावर हात फिरवला. "दिवसाला चौदा-पंधरा कप चहा होतोय. पित्तानं हैराण झालोय. या गावात माणूस हाकलायची पद्धतच नाही!"

"वंगाळ गाव," बाबा म्हणाले.

"उद्या शुक्रवार. लोकांसमोर काय तोंड दाखवू?"

धनुकली थांबली.

"समदी घरं झाली?"

"सगळी."

"समदी?"

"एक राहिलंय," जैनू जमिनीकडे बघत म्हणाला.

ते कमरूभाईचं, त्याच्या थोरल्या भावाचं. बाप लवकर गेला तेव्हा कमरूनंच जैनूला वाढवलं, मदरशात धाडलं. गावात इमाम नसला की पानाच्या दुकानातून हात धुऊन यायचा आणि नमाजही तोच पढवायचा. जैनू शिकून परतला, त्या पहिल्याच शुक्रवारी तो भर जमातीत म्हणाला, भाईचे उच्चार चुकतात, याच्यामागे नमाज व्हायची कशी? कमरू उठला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला. त्याला पाच वर्षं झाली. तो अजून तिथेच बसतो, आणि भावाभावांत शब्द नाही.

"तिथे गेलो तर तो उंबऱ्यावरूनच हाकलून देईल, बाबा."

"मग ब्येस झालं की. तुझं काम हुतंय."

जैनू वहीची कडा खुडत राहिला.

"आठ दिस हाकलनारा मानूस हुडकतोयस. गावात एक हाय, तर त्याच्याकडं तेवढा जात न्हाईस."

धनुकली पुन्हा सुरू झाली. आता बाबांच्या तोंडून शब्द निघायचा नाही, हे जैनूला लहानपणापासून ठाऊक होतं.

भावाच्या दारात त्यानं सलाम केला. कमरू ओल्या पोत्यावर पानं निवडत बसला होता. त्यानं वर पाहिलं.

"ये," तो म्हणाला.

जैनू उंबऱ्यावरच थबकला. "भाई, तू मला परत जा म्हणणार नाहीस?"

"का म्हनीन?"

मग जैनूनं सगळं सांगितलं. आयत, शब्द, वही, उद्याचा शुक्रवार. "एकदाच म्हण, भाई. हळू म्हटलंस तरी चालेल."

कमरूचा हात पानावरच राहिला.

"म्हंजे त्याच्यासाठी आलास व्हय…"

आत भाभीच्या हातातली परातही गप्प झाली.

"न्हाई म्हनायचो," कमरू म्हणाला. "जेवून जा."

जैनू तीन भाकऱ्या जेवला. भाभीच्या हाताची चव तीच होती. तिसऱ्या भाकरीला माफीचा शब्द ओठांपर्यंत आला आणि घासाबरोबर खाली गेला. तो काही माफी मागायला आला नव्हता. तो आयत पाळायला आला होता.

शुक्रवारी नमाज झाली. जैनू लोकांकडे तोंड करून उभा राहिला. वही उघडली, मिटली.

"आज मला काही सांगता येणार नाही," तो म्हणाला. आयत त्यानं वाचून दाखवली, तिचा सरळ अर्थ सांगितला आणि मग म्हणाला, "ही मी पाळलेली नाही. सगळ्या गावात फिरलो. एकाही दारात मला कोणी परत जा म्हटलं नाही."

लोक खूश झाले. गावाची स्तुती चाललीय असंच सगळ्यांना वाटलं. बागवान तर छाती काढून बसला.

"परत जा."

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. इसाकबाबा मान खाली घालून बाहीला चिकटलेला कापूस वेचत होते.

"काय, बाबा?"

"परत जा."

"आत्ता? इथून? सगळ्यांसमोर?"

जैनूचे कान तापले. त्याच्या जिभेवर तीन उत्तरं आली, त्यातली दोन अरबीत. तेवढ्यात त्याला आठवलं, भाईला आपण उठवलं तेही याच जागेवरून. तेही शुक्रवारीच, आणि तेव्हाही सगळे असेच बघत होते. आपल्याला एवढं लागलं, तर भाईला काय झालं असेल? पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मनात हे आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तिन्ही उत्तरं त्यानं गिळली. वही बगलेत मारली आणि रांगांमधून मागे निघाला. लोक गुडघे आखडून वाट देत होते. एवढीशी मशीद, पण त्या दिवशी ती संपता संपेना.

शेवटच्या रांगेत कमरू बसला होता. तो नुसता वीतभर सरकला.

जैनू त्या वीतभर जागेत बसला. भाईच्या हातांना पानांचा ओला वास येत होता.

"भाई, माझं चुकलं. त्या दिवशी."

"गप," कमरू पुटपुटला. "लोक बघत्यात."

"बघू देत."

कमरूनं बाहीनं डोळे पुसले आणि शिंक आल्यासारखं केलं. जैनूला हसू फुटलं. पाणीही त्याच्याच डोळ्यांत आणि हसूही त्याचंच, असं ते ध्यान दिसत होतं. जैनूचं सांगणं संपलं की कसं, ते लोकांना कळेना. मुलाणी चपला शोधायला उठला आणि बायकोच्या आठवणीनं पुन्हा बसला.

सवयीनं जैनूनं वही उघडली, खूण करायला पेन्सिल चाचपली. ती पुढेच, पहिल्या रांगेसमोर राहिली होती. ती आणावी आणि आता तिथूनच पुढची आयत सुरू करावी, म्हणून तो अर्धवट उठला.

"उठू नगं," इसाकबाबा वळून न बघता म्हणाले. "फुडची आयत तिथं बसूनच सांग. ऐकू येतंय."