विसावा टाकीपाशी

एकदा एक गाव आपल्या नळाच्या प्रेमात पडले. पडण्यासारखेच होते. पिढ्यान्‌पिढ्या बायांनी विहिरीचा दोर ओढून हातांना घट्टे पाडून घेतले होते, आणि आता दारात चावी फिरवली की निवळशंख, गोड पाणी. पाहुण्याला चहाच्या आधी तांब्या पुढे करून “घ्या, आमच्या गावचं पाणी चाखा” म्हणायची तिथे रीतच पडली. पहिली घागर मात्र ग्रामदेवता झरीआईची. नामा गुरव ती भल्या सकाळी देवळातल्या नळावर भरी, आईला स्नान घाली, घंटा वाजवी आणि तेच पाणी तीर्थ म्हणून वाटी.

अशा या गावात मुले आजारी पडू लागली. जुलाब, ओकाऱ्या थांबेनात. लोकांनी बाजारातल्या भज्यांना बोल लावला, हवेला लावला, कुणाच्या वाईट नजरेला लावला. पाण्याला कोण बोल लावणार? ते तर गोड होते!

गावची सरपंच रेवती ही एक तरुण बाई. देवळाच्या ओवरीत राहणाऱ्या एका वृद्धाची ती शिष्या. बोलावे केव्हा आणि थांबावे केव्हा हे त्यांनीच तिला शिकवले होते. त्यातला थांबण्याचा धडा मात्र तिच्या अजून अंगवळणी पडला नव्हता. तिने झऱ्याचे पाणी साठवणाऱ्या टेकडीवरच्या टाकीत जंतू मारायची पावडर टाकली. दुसऱ्या सकाळी नळाला औषधाचा वास आला आणि नामा गुरव रिकामी घागर घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

“सरपंचबाई, दवाखान्याच्या वासाच्या पाण्यानं आईला न्हाऊ घालू व्हय मी?”

“टाकी घाण झालीय, नामाकाका. एकदा वर चढून बघा तरी.”

“आईच्या झऱ्याचं पानी हाय ते. त्याला घाण म्हणती!”

गाव गुरवाच्या बाजूने उभे राहिले. टाकी धुवायची तर पाणी बंद ठेवावे लागणार, तेही कुणाला नको होते. पावडरीचे पोते ग्रामपंचायतीच्या कोठीत परत गेले. आणि थोड्याच दिवसांत रेवतीच्या भावाची लहानगी ओवी तालुक्याच्या दवाखान्यात सलाईनवर गेली.

रेवती ओवरीत आली ती रडतच. “आबा, पोरगी वाचली. जत्रा झाली की घरी येईल, आणि आल्या आल्या तेच पाणी पिईल. लोकांना सांगून सांगून घसा बसला माझा.”

“मग बसू दे थोडा,” वृद्ध म्हणाले. “जत्रेत माझा मान आहे. तोवर तू गप्प राहायचं.”

रेवतीला त्यांचा राग आला, पण ती गप्प राहिली.

त्या गावचा एक जुना शिरस्ता होता. जत्रेत देवीची पालखी वाटेत कुठे टेकायची, म्हणजे विसावा कुठे घ्यायचा, ते गावातल्या सर्वांत वडील माणसाने सांगायचे. ती जागा आणि तिथवरची वाट गावकऱ्यांनी आपल्या हातांनी झाडायची, मजूर लावायचा नाही. शिवाय विसाव्याला आईचे स्नान व्हायचे ते त्याच जागी काढलेल्या पाण्याने. दर वर्षी विसावा वडाखाली, शेजारच्या आडावर. त्या वर्षी गावसभेत वृद्ध उठले आणि म्हणाले, “आईचा विसावा टाकीपाशी.”

सभेत हसू पिकले. “आबा, तितं शेरडंबी जायची न्हाईत,” कुणी म्हणाले. “साठी बुद्धी नाठी,” कुणी कुजबुजले. रेवतीलाही काही उमगेना. पण मान तो मान, तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

जत्रेआधी सारे गाव कोयते आणि खराटे घेऊन टेकडी चढले. काट्याकुट्या तोडल्या, वाट झाडली, सडे घातले. टाकीपाशी पोचल्यावर स्नानाचे पाणी कसे काढायचे ते बघायला नामा गुरव शिडीवर चढला. झाकण उघडायची गरजच नव्हती, ते गंजून केव्हाच आत पडले होते. पाण्यावर पिसे तरंगत होती. कडेला एक मेलेला पारवा कुजत होता, आणि भिंतींवर बोटभर शेवाळ साचले होते. वाऱ्याबरोबर त्याचा दर्प खाली उभ्या असलेल्यांपर्यंत आला. गोड पाण्याचे नाव कुणी काढले नाही.

गुरव खाली उतरला आणि मातीतच बसला. “हे घालत हुतो मी आईला,” तो हुंदके देत म्हणाला. “हेच तीर्थ म्हणून लेकरांच्या हातावर देत हुतो!”

‘मी सांगत नव्हते का’ हे शब्द रेवतीच्या ओठांवर आले होते. तिने वृद्धांकडे पाहिले आणि ते गिळून टाकले. पाणी सोडून टाकी रिकामी केल्यावर पदर खोचून पहिली आत उतरली तीच. मग गाव थांबते काय! ज्यांना पाणी बंद नको होते तेच आता भिंती घासत होते. नवे झाकण आले, टाकी पुन्हा भरली, आणि गुरवानेच हाक दिली, “आण गं पोरी तुजं औशद. आईला हळद चालती, कडुलिंब चालतो, मग ह्येबी चालंल.”

पावडर पाण्यात मिसळून मुरल्यावर रेवतीने तपासणीच्या नळीत पाणी घेतले आणि बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळे झाले.

“काका, असा रंग आला की पाणी प्यायला निर्धोक.”

“आईला हळद लागली रं!” गुरव ओरडला. हलगी कडाडली, भंडारा उधळला, आणि पालखी अशी नाचत टेकडी चढली की म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तशी जत्रा आठवेना.

संध्याकाळी रेवती वृद्धांपाशी बसली. “आबा, मीही त्यांना टाकीकडेच बोलावत होते.”

“तू त्यांना त्यांचीच चूक बघायला बोलावत होतीस,” वृद्ध म्हणाले. “त्यासाठी टेकडी कोण चढतो, पोरी? आईसाठी सगळे चढले. अन् ध्यानात घे, विहिरीवर पाणी काढताना माणसाला वाकावं लागे, आणि वाकलं की आत काय पडलंय ते दिसे. नळानं आपलं वाकणं वाचवलं, ते उत्तमच झालं. पण वाकण्याबरोबर आपलं बघणंही गेलं. ते तेवढं परत आणायचं होतं.”

नामा गुरवाने त्यानंतर स्वतःहून एक नेम धरला. पहिल्या घागरीतले पाणी तो आधी नळीत घेतो. पिवळा रंग आला तरच आईला स्नान, आणि मगच घंटा. घंटा वाजल्याशिवाय गावात कुणी पाण्याला तोंड लावत नाही.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी घंटा वाजलीच नाही. गुरव पावडर घेऊन, धापा टाकत, टेकडी चढून गेला होता. इकडे ओवीच्या आईने सवयीने पेला भरून लेकीपुढे धरला. ओवीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“देवीनं अंघोळ कुठं केलीय अजून?”

दारात उभ्या असलेल्या रेवतीचे डोळे भरून आले. दवाखाना पाहून आलेली ही पोर, तिला आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. बऱ्याच वेळाने देवळाची घंटा घणघणली, आणि ओवीने पेला घटाघटा रिकामा केला. ओवरीत बसलेल्या वृद्धांनीही मग आपला तांब्या उचलला.