गुण देणारा उतारू

“दहापैकी किती, भन्तेजी? तुम्ही फक्त एक आकडा सांगा. मी तोच देऊन टाकतो.”

भन्ते शीलरत्न विहाराच्या ओसरीवर बसून चीवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाला?”

“गेमला.”

“मी गेम पाहिला नाही.”

“मी पाहिलाय. तीनदा खेळलोय. तीनदा वेगळा आकडा आला... माझं असं कधी होत नाही.”

भन्ते टाका घालत राहिले.

पवनीच्या बाहेर, वैनगंगेपासून थोड्या अंतरावर हा विहार आहे. निहार खोब्रागडे शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या श्रामणेर शिबिरात इथे राहिला होता. तेव्हा डोक्याचे केस काढले होते, पहाटे उठून झाडू मारला होता, आणि पळून जावंसं वाटलं तरी पळाला नव्हता. त्यानंतर तो फारसा फिरकला नाही. आज सकाळीच नागपूरहून मोटारसायकल काढून आला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

व्हिडिओ गेमची समीक्षा हा त्याचा धंदा. त्याचा स्वतःचा चॅनल आहे. गेम खेळायचा, त्यावर बोलायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे, तेही दशांशात. पोरंपोरी त्याचं बोलणं पुढे ढकलून थेट शेवटचा आकडा बघतात. त्या आकड्यावर हमरीतुमरीवर येतात. निहारला याचा अभिमान होता. एकदा दिलेला आकडा तो बदलत नसे.

“कोणाचा गेम?” भन्तेंनी विचारलं.

“क्षितिजा गजघाटेचा. ‘डोंगा’ नाव आहे. भंडाऱ्याला असते ती.”

“तुझी कोण?”

“कोणी नाही.”

भन्तेंनी दोरा ओढून घेतला.

“होती,” निहार म्हणाला. “चॅनल आम्ही दोघांनी मिळून काढला होता. मग एक दिवस ती म्हणाली, आता मला दुसऱ्यांच्या गेमवर बोलायचं नाही, स्वतःचा बनवायचाय. मी... सगळी मंडळी बसली होती, मी गमतीत म्हटलं, तुझ्या या कल्पनेला दहापैकी तीन. सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.”

“मग?”

“मग काही नाही. इतकी वर्षं एक शब्द नाही. आणि आता गेम पाठवला. सोबत निरोप एकच: ‘बघ.’”

“बघितलास?”

“बघितला ना! पहिल्यांदा चार आले. दुसऱ्यांदा नऊ. परवा सहा. भन्तेजी, आज संध्याकाळी गेम बाजारात येतोय आणि माझा रिव्ह्यू सगळ्यात आधी पडणार. मोठ्या कंपनीचा गेम नाही, जाहिरातीला पैसा नाही. मी चार म्हटलं तर कोणी हात लावणार नाही. नऊ म्हटलं तर म्हणतील, जुनी मैत्रीण, वाटले गुण. मला न्याय करायचाय. फक्त न्याय. तुम्ही तटस्थ आहात, म्हणून आलो.”

भन्तेंनी सुई चीवरात टोचून ठेवली.

“यंत्र आणलंस?”

“लॅपटॉप आहे. तुम्ही खेळाल?”

“भिक्खूला खेळ वर्ज्य. तू खेळ.”

निहारने चौरंगावर लॅपटॉप उघडला. भन्तेंनी आपली चटई उचलली आणि चौरंगाच्या पलीकडे, त्याच्या बरोबर समोर अंथरली. तिथून त्यांना फक्त झाकणाची काळी पाठ दिसत होती.

“भन्तेजी, तिकडून दिसणार नाही.”

“दिसतंय मला.”

निहार थोडा चुळबुळला. मग खेळू लागला.

डोंगा म्हणजे होडी. खेळणारा माणूस नावाडी. धुक्यातली नदी, अलीकडे घाट, पलीकडे न दिसणारा काठ. एकेक उतारू येऊन बसतो, आपलं काही सांगतो आणि आपण वल्हवत राहायचं. मारामारी नाही, हरणं-जिंकणं नाही. उतारू जड झाला, नकोसा झाला, तर मधल्या रेतीच्या बेटावर त्याला उतरवून परत फिरता येतं.

वल्ह्याचा आवाज ओसरीत घुमू लागला.

“आत्ता हसलास,” भन्ते म्हणाले.

“हो... कासारीण बसलीय. पाण्यात हात घालून नदीच्या मनगटाचं माप घेतेय. म्हणते, एवढ्या मोठ्या बांगड्या माझ्याकडे नाहीत बाई.”

“हे तुझ्या रिव्ह्यूत आहे?”

“नाही.”

“काहून?”

निहारने कासारणीला पलीकडे पोचवलं आणि डोंगा परत आणला. घाटावर पुढचा उतारू उभा होता.

“आता ओठ आवळलेस.”

“नाही तर.”

“आवळलेस. कोण आलं?”

“एक माणूस आहे. छत्रीवाला. डोंग्यात बसल्या बसल्या नावाड्याला गुण द्यायला लागतो. वल्हं उशिरा पडलं, साडेसहा. वळण बरं, सात. पाणी उडालं, पाच.” निहारने हात बटणांवरून काढून घेतले. “तो मी आहे, भन्तेजी. माझीच बोलायची पद्धत. माझीच खाकरायची सवय. तिने मला घातलंय गेममध्ये. जगाने हसावं म्हणून.”

“पलीकडे गेल्यावर काय करतो तो?”

निहार कळफलकावरची धूळ पुसू लागला.

“माहीत नाही?”

“मी त्याला रेतीवर उतरवून टाकतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी... बाकी सगळा गेम खेळलोय मी. एक उतारू सोडला तर काय फरक पडतो? बाकीचं सगळं पाहूनच आकडे दिलेत.”

“चार कसे आले?”

निहारने त्यांच्याकडे पाहिलं. मग नजर खाली गेली. खूप दिवस अडकलेलं काही सुटावं तसं तो म्हणाला,

“चार रागात दिले. दुसऱ्या दिवशी लाज वाटली, म्हणून नऊ. मग दोन्ही खोटे वाटले. झोप येईना. झोप यावी म्हणून मधला सहा.”

“आणि गेमला किती दिलेस?”

अंगणात चिंचेची पानं गळत होती. निहार पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर छत्रीवाला डोंग्यात बसून वाट पाहत होता.

“आज नको उतरवू त्याला,” भन्ते म्हणाले.

निहारने वल्हं मारलं. छत्रीवाल्याची बडबड सुरू झाली. साडेसहा. पाच. सव्वापाच. रेतीचं बेट जवळ आलं तशी निहारची बोटं आपोआप वळायला लागली. त्याने ती आवरली. बेट मागे पडलं.

पुढचं पाणी त्याने कधीच पाहिलं नव्हतं. धुकं दाट झालं. वारा उलटा फिरला. छत्रीवाला एकेक आकडा विसरत गेला आणि गप्प बसला. डोंगा जागच्या जागी डुलू लागला, नावाड्याचे हात थकले. तेव्हा त्या माणसाने छत्री मिटून बाजूला ठेवली आणि दुसरं वल्हं उचललं.

त्याला वल्हवता येत नव्हतं. डोंगा गोल गोल फिरायला लागला. नावाडी चिडला नाही. छत्रीवाला घामाघूम झाला आणि हळूच म्हणाला, “मला हे येत नाही. तुला कसं येतं?”

खाली दोन उत्तरं होती, त्यातलं एक निवडायचं होतं. ‘शिकवतो’ किंवा ‘गप्प बस’.

निहारचा चेहरा कसा झाला ते फक्त भन्तेंनी पाहिलं.

त्याने उत्तर निवडलं. मग पुष्कळ वेळ दोघे मिळून वेडीवाकडी नाव हाकत राहिले आणि शेवटी धुक्यातून काठ आला. छत्रीवाला उतरला. त्याने गुण दिले नाहीत. हात जोडले आणि गेला.

निहारने बाहीने डोळे पुसले. आणि एकाएकी हसू लागला, मोकळं, पोट धरून.

“काय झालं?”

“छत्री विसरला तो. डोंग्यातच.”

भन्तेही हसले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग निहार फोन घेऊन अंगणात गेला. क्षितिजाचा नंबर त्याच्याकडे अजून होता. तिने पहिल्याच घंटेला उचलला.

“किती दिलेस?” ती म्हणाली. “लवकर सांग. मी खाली बसूनच आहे.”

“दिले नाहीत.”

“म्हणजे... शून्य?”

“शून्य नाही गं! दिलेच नाहीत.”

“छत्रीवाल्याला काठावर नेलंस?” तिने विचारलं.

“आज नेलं.”

“आज? मग आधी?”

“आधी तीनदा रेतीवर उतरवला.”

ती अशी खदखदून हसली की त्याला फोन कानापासून दूर धरावा लागला. “मला वाटलंच होतं! अरे, ते बेट मी तुझ्यासाठीच ठेवलं होतं. आधी ज्यांना खेळायला दिला, त्यांच्यातल्या कोणी तिथे कोणाला उतरवलंच नाही.”

“क्षितिजा... तेव्हा सगळ्यांसमोर मी तीन दिले होते.”

“दोन.”

“तीन ना?”

“दोन दिले होतेस, निहार. लक्षात आहे माझ्या.”

“... चुकलं माझं. फार चुकलं.”

“बरं,” ती म्हणाली. “बरं झालं बोललास. तू नऊ दिले असतेस तर मला वाटलं असतं कीव केली. चार दिले असतेस तर... जाऊ दे. धड जेवले नाहीये मी. सुटले बघ. आता माणसासारखं सांग. कसा वाटला?”

तो सांगत सुटला. कासारीण, धुकं, वल्ह्याचा आवाज, सुई हरवलेली शिंपीण. मग थांबून म्हणाला, “पण बांबूच्या तराफ्याचा भाग लांबलाय.”

“तो मुद्दाम आहे.”

“मुद्दाम असेल. लांबलाय.”

“तुला संथ पाणी कळत नाही, हेच तुझं पहिल्यापासून...”

“कळतं गं. पण तेच वळण पुन्हा पुन्हा कशाला?”

पुष्कळ वेळ भांडले दोघे. अगदी पूर्वी भांडायचे तसे.

मग बोलणं संपवून निहारने चिंचेखाली उभं राहून फोनमध्येच रिव्ह्यू रेकॉर्ड केला. म्हणाला, हा गेम बनवणारी माझी मैत्रीण आहे. मी तिला दुखावलं होतं आणि मला तिचा हेवाही वाटतो, तेव्हा माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आकडा देतच नाही. मग गेममध्ये काय काय आहे ते सांगितलं. तराफ्याचा भाग लांबलाय, हेही सांगितलं. शेवटी म्हणाला, एक छत्रीवाला भेटेल, त्याला उतरवू नका.

रिव्ह्यू चॅनलवर गेला. लगेच खाली लोक लिहू लागले. कोणी शिव्या घातल्या, आकडा कुठंय म्हणून. कोणी लिहिलं, विकत घेतोय, त्या माणसाला बघायचंय. निहारने फोन खिशात टाकला.

त्याला कडकडून भूक लागली. विहाराच्या चुलीपाशी दुपारचा वरण-भात उरला होता. तो थंडच होता. पातेलं पुसून खाल्ला, आणि ओसरीवरच आडवा झाला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. भन्ते अंगणात पानं झाडत होते.

निहारने त्यांच्या हातून झाडू घेतला. भन्ते बाजूला उभे राहिले.

“भन्तेजी, चॅनल बंद करावा म्हणतो.”

“काहून?”

“गुण देणं म्हणजे पापच, असं वाटायला लागलंय.”

“इतका बारीक झाडायचा तू,” भन्ते म्हणाले, “शिबिरात मी तुलाच ओसरी द्यायचो. दुसऱ्या पोराकडून मला अर्धी पुन्हा झाडावी लागायची. मी निवड केली होती की नाही?”

निहार जरा वेळ झाडत राहिला. त्याच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसत होता.

“पुढच्या आठवड्यात एक मोठा गेम येतोय,” तो म्हणाला. “परदेशातला. बनवणारे कोण, कुठले, मला काही माहीत नाही. ना राग, ना लाज. त्याला तरी गुण देऊ ना?”

“दे की.”

निहारने सुटकेचा श्वास टाकला. झाडू भिंतीला टेकवला, वाकून “वंदामि भन्ते” म्हटलं आणि मोटारसायकलकडे निघाला. किल्ली लावली, तेवढ्यात मागून हाक आली.

“निहार.”

“जी?”

भन्ते फाटकापर्यंत चालत आले होते.

“आधी ओळख होऊ दे.”