वस्तादांनी पाठ फिरवली

फार जुनी गोष्ट नाही. तालुक्याच्या एका गावी कॉलेजच्या फुटबॉल संघाला एक प्रशिक्षक शिकवीत असत. तरुणपणी ते खो-खोचे नावाजलेले खेळाडू. गुडघा दुखावला, खेळ सुटला आणि कॉलेजने त्यांना फुटबॉलच्या मैदानावर उभे केले. ज्याच्या खेळात चेंडूच नाही तो फुटबॉल काय शिकवणार, म्हणून लोक हसले. पुढे त्यांच्या हाताखालची मुले राज्याच्या संघात जाऊ लागली, तेव्हा हसणारेच त्यांना वस्ताद म्हणू लागले.

वय झाल्यावर वस्तादांनी आपला शिष्य उदाजी याच्या हाती संघ सोपवला. सोपवला खरा, पण स्वतः मात्र रोज मैदानावर येत राहिले. निवृत्तीनंतरही ऑफिसात चक्कर मारणारे साहेब आपण पाहिलेच आहेत. त्यांचा वेळ छान जातो आणि नव्या साहेबाचा जीव टांगणीला लागतो. इथेही तेच झाले. उदाजीने काही सांगितले की मुले आधी वस्तादांच्या तोंडाकडे बघत. आणि खरे सांगायचे तर उदाजीही बघे.

संघ हरू लागला. शेवटी संस्थेच्या सचिवांनी उदाजीला बोलावून स्पष्ट शब्दांत सांगितले, की विभागाचा येता सामना गेला तर पुढच्या वर्षी प्रशिक्षक बाहेरून येईल. या मैदानापलीकडे उदाजीला जग नव्हते. त्याला अन्न गोड लागेना.

त्या सामन्यात मध्यंतराला संघ एका गोलने मागे होता. मुले धापा टाकत आली ती थेट वस्तादांभोवती. समोरच्या संघाचे बचावपटू चांगलेच उंच होते, आणि आपला गोलकीपर इलियास लांब उंच किक मारून चेंडू जणू त्यांच्या डोक्यावर नेऊन देत होता. उदाजीला हे दिसत होते. पण बोलण्याआधी त्यानेही वस्तादांकडे पाहिले.

वस्ताद उठले, गोलखांबांच्या मागे गेले आणि मैदानाकडे पाठ करून चक्क उकिडवे बसले. प्रेक्षकांत हशा पिकला. म्हातारा रुसला, असे सचिव म्हणाले.

उदाजीला संताप आला. ऐन वेळी गुरूने हात सोडला, असे वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. पण मुले आता त्याच्याकडे बघत होती, कारण बघायला दुसरे कोणी उरलेच नव्हते.

"इलियास, लांब मारू नको," तो म्हणाला. "जवळच्याला दे. चेंडू जमिनीवरनंच पुढं जाऊ दे."

उत्तरार्धात चेंडू जमिनीवरून फिरू लागला आणि उंच गडी गोंधळले. संघाने दोन गोल केले. दोन्ही वेळा मैदान दणाणले, पण वस्तादांनी मागे वळून पाहिले नाही. सामना संपल्यावर सचिवांनी उदाजीचा हात हातात घेऊन, पुढच्या वर्षीही संघ तुझाच, असे सांगितले. उदाजी मात्र तिथून सरळ गोलखांबांच्या मागे गेला.

"वस्ताद, पाठ का फिरवलीसा?"

"खो-खोत गडी खो देतो आणि ज्याला उठवलं त्याच्या जागी बसतो," वस्ताद म्हणाले. "देऊन पण धावतच राहिला, तर तो फाउल. मी तुला संघ दिला, पण बसायचं इसरलो. मग तू उठणार कसा?"

"तोंड तरी इकडं ठेवायचं."

"ठेवलं असतं, तर माझ्या कपाळावरच्या आठ्या वाचून तू पोरांना सांगितलं असतंस."

उदाजीचा राग कुठल्या कुठे गेला. आता तुम्ही मैदानावर येणारच नाही का, असे त्याने भीत भीत विचारले.

"बसलेला गडी खेळाबाहेर नसतो, बाळा. तो आपणहून उठत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी वस्ताद मैदानाच्या कडेला गुपचूप बसून होते. चेंडू अडवताना इलियासचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होत होते. काय करावे ते उदाजीला सुचेना. तो मागून आला आणि वस्तादांच्या पाठीवर तळवा ठेवून मोठ्याने म्हणाला, "खो."

गुडघ्यावर हात टेकत वस्ताद उठले आणि इलियासकडे निघाले. उदाजी त्यांच्या जागी जाऊन बसला.