ठकूच्या तोंडचे नाव

काळदरा नावाच्या गावी सुखगीर महाराज आले तेव्हा उन्हाळा सरत आला होता. गावाबाहेरची धर्मशाळा सोडून महाराज देवीच्या देवळापुढच्या उघड्या ओट्यावर टेकले. ओट्यासमोर एक दगडी खांब होता. खांबाला साखळीने एक बाई बांधलेली होती.

ती ठकू. बाळंतपणात तिचे मूल गेले आणि तेव्हापासून तिला आवाज ऐकू येऊ लागले. चुलीपाशी बसली की कोणी बोले, पाण्याला गेली की कोणी हसे. ती कान दाबून धरी, ताटावरून उठे. नवरा कामाच्या नावाने परमुलखात गेला तो परतला नाही. घरात उरली सासू भिवराबाई. देवीचा ओटा झाडावा, कधी न पाहिलेल्या सुखगीर महाराजांचे नाव घेऊन पणती लावावी, आणि सुनेला घास घास भरवावा, एवढेच तिचे जगणे.

गाव काय म्हणे? कोणी म्हणे, ढोंग आहे, कामाचा कंटाळा. कोणी म्हणे, तिच्या सावलीत लेकरू नेऊ नका. ठकूला कोणी काही विचारीत नसे. तिच्यादेखत तिच्याविषयी बोलत, गोठ्यातल्या जनावराविषयी बोलावे तसे.

गावाची रीत अशी. ज्याला झपाटले त्याला खांबाला बांधायचे, अन्नपाणी तोडायचे, आणि करणी कोणी केली ते नाव त्याच्या तोंडून येईपर्यंत सोडायचे नाही. ज्याचे नाव येईल त्याच्या तोंडाला काजळी फासून त्याला वेशीबाहेर हाकलायचे. साखळीचा मान हैबती मानकऱ्याच्या घराण्याकडे होता, आणि हैबतीला त्या मानाचा भारी ताठा.

आदल्या वर्षी तापात बरळणाऱ्या एकाने पारू सुइणीचे नाव घेतले. तो बरा झाला. पारू वेशीपलीकडच्या ओढ्यात सापडली.

गावाने तो बरा झाला एवढेच लक्षात ठेवले.

आता ठकूची पाळी होती. तिचे ओठ फुटले होते, मान टिकत नव्हती. आणखी एक दुपार ती काढील असे कोणालाच वाटत नव्हते. सासूचे नाव घे आणि सूट, असे येणारा जाणारा तिला सांगत होता. विधवा भिवरा गावाला आधीच नकोशी झाली होती.

आणि ऐका, भाविकहो, भिवरा स्वतः सुनेपुढे पदर पसरून बसली होती.

"घे गं माझं नाव," ती म्हणत होती. "मी म्हातारी, आज ना उद्या जायचीच."

ठकू मान हलवून नाही म्हणे. बोलायला जीभ ओली नव्हती.

महाराज उठले आणि पाण्याचा तांब्या घेऊन खांबाकडे निघाले. हैबती आडवा आला. पाणी पाजले तर आत बसलेले पुन्हा जोर धरते, असे त्याने बजावले. मग जमलेल्यांकडे बघून हसत म्हणाला, "वेडीला वेडा भेटला. बसा बुवा शेजारी, तुमच्यापुरती साखळी आहे माझ्याकडे. आणि येड्याला कसली आलीय तहान?"

लोक हसले.

कथेचे फळ शेवटी सांगण्याची पद्धत आहे. ते इथेच सांगतो, कारण शेवटापर्यंत कोणाला तरी उशीर होईल. तुमच्या घरात मागच्या खोलीला बाहेरून कडी लावलेली असेल, तर उठा. कडी काढा. आत पाणी न्या. मग येऊन बसा.

कथा थांबली आहे.

महाराज म्हणाले, "हैबती, तुझा मान तुझ्यापाशीच राहू दे. साखळीचं हे टोक तेवढं हातात धर."

हैबतीने हसतच ते धरले. हसणे अर्ध्यात राहिले.

त्याने काय ऐकले ते पुढेही पुरते कोणाला सांगितले नाही. मेलेली आई शिव्या देत होती, तिच्यामागे कितीतरी जण एकदम बोलत होते आणि सगळे त्याला ओळखत होते, एवढेच तो सांगे. बोटे साखळीवरून उघडेनात. धिप्पाड गडी मातीत गुडघ्यावर आला. विहिरीतून एक घागर वर यावी एवढाही वेळ गेला नसेल, तोच तो ओरडला, "भिवरा! भिवरानं केलं. तिला काढा, मला सोडवा!"

आणि भाविकहो, लोक भिवरेकडे वळले. काजळीचे मडके एकाने उचललेसुद्धा.

महाराज तिच्यापुढे उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"नाव आलं," महाराज म्हणाले. "कोणाच्या तोंडून आलं ते बघा. हे असलं ही पोर रोज ऐकते. आतून तेच सांगतात, सासूचं नाव घे. बाहेरून तुम्हीही तेच सांगता. तिनं दोघांचंही ऐकलं नाही. आता सांगा, बांधायचं कोणाला?"

मडके खाली ठेवल्याचा आवाज झाला.

महाराजांनी हैबतीच्या मनगटाला हात लावला तशी त्याची बोटे उघडली. मग त्यानेच जाऊन साखळीचा खिळा उपसला. ठकूच्या घोट्याची कातडी लोखंडाबरोबर निघून आली. भिवरेने तांब्या तिच्या ओठाला लावला.

"पोर बरी होईल ना, महाराज?" भिवरेने विचारले.

महाराज म्हणाले, "आवाज जातील असं मी म्हणत नाही, माय. तिला झोपू दे. खाऊ घाल. जाणता वैद्य असेल तिथे ने. आणि गावाच्या हाती पुन्हा देऊ नकोस."

हैबती महाराजांच्या पायांवर वाकायला आला. महाराज बाजूला सरले आणि ठकूकडे बोट केले. हैबती तिथे वाकला. साखळीच्या मानकऱ्याचे कपाळ तिच्या पायांपुढच्या धुळीत टेकले, खांदे हलत होते.

ठकू दचकली. सोललेले पाय तिने जवळ ओढून घेतले. मग त्याच्याकडे निरखून पाहत राहिली, बाकी कोणाकडे तिने तसे पाहिले नव्हते.

"पहिल्यांदा फार जड जातं, मामा," ती म्हणाली, आणि अर्धा उरलेला तांब्या तिने त्याच्यापुढे केला.